आग्नेय कोपऱ्यातला डबा

देवासच्या मराठी समाजाच्या हॉलवर गेल्या हिवाळ्यात जे झालं, ते दहा तोंडांनी दहा प्रकारे सांगितलं जातं. कोणी दुधाचं नाव घेतं, कोणी नशिबाचं. खरं तर ती सगळी एका माणसाच्या गप्प बसण्याची गोष्ट आहे, आणि तो माणूस म्हणजे भगवंत तांबट.

भगवंत साठीला टेकलेला. बुटका, काटक, खिशात मीटरपट्टी, कानावर पेन्सिल, आणि वरच्या घराण्यातलं कोणी काही बोललं की तोंडातून पहिला शब्द "जी". हा "जी" घराण्यातच मुरलेला. खापरपणजोबा दरबारच्या भांड्यांना कल्हई करायला म्हणून मराठ्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आले आणि इथलेच झाले. दरबार गेले, भांडी मोडीत गेली, पण तांबं काही या घराच्या हातून सुटलं नाही. भगवंतनं बावीस वर्षं एका कारखान्यात एसी प्लांटवर तांब्याच्या नळ्या जोडल्या आणि रिटायर झाल्यावर स्वतःची कामं घ्यायला लागला. हात असा की नळीला जोड कुठं दिलाय ते तुम्ही शोधून दाखवावं. पण जीभ? सरदार घराण्यातलं कोणी समोर उभं राहिलं की पार गोगलगाय!

समाजाचा हॉल टेकडीच्या मागच्या अंगाला आहे. मे महिन्यात आत भट्टी पेटलेली, आणि थंडीत वऱ्हाडी शालीतून हात बाहेर काढायला तयार नाहीत, अक्षता कोण टाकणार? समाजाचे अध्यक्ष गणोजीराव, जुन्या घराण्यातले, रिटायर्ड प्रिन्सिपल, वय अठ्ठ्याहत्तर. सगळा समाज त्यांना काकासाहेब म्हणतो. त्यांचा पुतण्या रणवीर कॅनडात असतो. तो सुट्टीत आला, हॉलमध्ये कुडकुडला आणि म्हणाला, "काका, आमच्याकडे प्रत्येक दुकानाच्या छतावर एक मोठा डबा असतो. उन्हाळ्यात विजेवर गार हवा, थंडीत गॅस जाळून गरम हवा. सब एकाच डब्यातून. मी देतो ना समाजाला!" गॅसची पाइपलाइन गल्लीत दोन वर्षांपूर्वीच आली होती. डबा रणवीरनं द्यायचा आणि बसवायचा भगवंतनं, असं ठरलं.

भगवंतनं मग आठ दिवस छत सोडलं नाही. खाली खांब कुठं, तुळई कुठं, कोणत्या जागी एवढं वजन पेलेल, हे खडूनं आखून काढलं. पण त्याला खरी काळजी वाऱ्याची होती. या डब्याची एक खोड असते. एका अंगानं तो जळलेल्या गॅसचा धूर बाहेर टाकतो आणि दुसऱ्या अंगानं बाहेरची ताजी हवा आत ओढून हॉलमध्ये सोडतो. मोकळ्यात ठेवला तर धूर वाऱ्यावर निघून जातो, काही प्रश्न नाही. भिंतीच्या कोनात ठेवला तर तोच धूर फिरून परत आत यायचा. म्हणून भगवंतनं सुभद्राच्या, म्हणजे बायकोच्या, जुन्या लुगड्याच्या चिंध्या केल्या, छतावर चार ठिकाणी काठ्या रोवून त्यांना बांधल्या, आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ जाऊन त्या कशा उडतात ते बघत बसला. पश्चिमेची चिंधी सरळ उडत होती. आग्नेय कोपऱ्यातली भोवऱ्यासारखी गरगरत होती, कारण तिथं दक्षिणेला जिन्याची भिंत आणि पूर्वेला पाण्याच्या टाकीचं उंच बांधकाम. थंडीतला उत्तरेचा वारा त्या कोनात शिरला की त्याला बाहेर पडायला वाटच नव्हती. भगवंतनं वहीत लिहून ठेवलं: डबा पश्चिमेला, आग्नेयेला मुळीच नाही.

मग कमिटी छतावर आली. काकासाहेब पुढे, मागे चार-पाच सभासद, आणि वास्तू बघायला बोलावलेले उमाशंकरजी.

उमाशंकरजींनी एकच प्रश्न विचारला. "इसमें अग्नि है?"

"जी, बर्नर आहे आत," भगवंत म्हणाला.

"तो आग्नेय. और क्या!"

एका सभासदाला मध्येच शंका आली. "पण पंडितजी, हा उन्हाळ्यात गार पण करणार. गारवा म्हणजे पाणी, आणि पाणी तर ईशान्येला लागतं ना?" आता आली का पंचाईत! डबा एक, त्यात आग पण आणि गारवा पण. उमाशंकरजींनी डोळे मिटले, बोटांवर काही मोजलं. शेवटी अग्नी बलवान ठरला आणि डबा आग्नेयेला बसणार, हे ठरलं.

वही उघडून भगवंत पुढे झाला. "जी, पण... इथं वारा फिरतो, काकासाहेब. धूर परत आत..."

काकासाहेबांची नजर काठ्यांवर गेली. "ह्या चिंध्या तू बांधल्यास? अरे भगवंता, या वयात पतंग उडवून राहिला का तू?"

सगळे खो खो हसले. आणि आमचा शहाणा! तोही हसला. चारचौघांत टिंगल झाली की माणूस असा हसतो ना, तसा, मान खाली घालून.

"धुराची नळी दोन फूट उंच कर, झालं," काकासाहेब म्हणाले. "हाय काय नि नाय काय."

"जी."

दोन फुटांनी काय होणार, हे त्याला तिथंच ठाऊक होतं. टाकीची भिंत त्याच्याही वर सात फूट होती. पण वही मिटली ती मिटलीच.

बसवणी मात्र अशी केली की बघत राहावं. हायड्रा क्रेन आली, नारळ फुटला, डबा हवेत तरंगत वर गेला आणि लोखंडी चौकटीवर सुतासारखा सरळ बसला. हवेचे डक्ट हॉलमध्ये उतरवून त्यांना जाळ्या बसवल्या, गॅसच्या लाइनीच्या प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का ते तपासलं. एक बुडबुडा नाही! चाचणी घेतली ती भर दुपारी, दारं-खिडक्या सताड उघड्या, वाऱ्याचं नाव नाही. हॉलमध्ये ऊबदार हवा पसरली. काकासाहेबांनी पाठीवर थाप मारली, तेव्हा भगवंतला वाटलं, आपणच उगाच घाबरत होतो.

रथसप्तमीच्या आधीच्या रविवारी समाजाचं हळदीकुंकू होतं. दोन दिवस मावठा पडून गेलेला, उत्तरेचा वारा अंगाला झोंबत होता. दीडशे बायका आल्या. सगळी व्यवस्था अक्कांकडे. अक्का म्हणजे काकासाहेबांच्या थोरल्या बहीण, समाजातल्या दुसऱ्या कोणत्याही बाईच्या शब्दाला त्यांच्यापुढे किंमत नाही. दूध सुभद्राकडे. सुभद्राचं माहेर धारचं, आणि तिच्या हातचं आटीव मसाला दूध म्हणजे अशी गोष्ट की त्यासाठी समाजातल्या बायका घरून कमी जेवून येतात. घरचं मोठं पितळी पातेलं, केशर, जायफळ, तीन तास मंद आच. दारं घट्ट लावून घेतली, डबा चालू केला. "कसं उबदार वाटतंय गं!" असं म्हणत बायकांनी शाली काढून ठेवल्या.

पाचच्या सुमाराला डोकी धरायला लागली. आधी एकीचं, मग चौघींचं. कोणाला मळमळ, कोणाला घेरी. एक पोर ओकलं. आणि कृतिका, अक्कांची नातसून, सहावा महिना चालू, वाण घ्यायला उठली ती जागीच कोसळली. किंकाळ्या, धावाधाव, दारं उघडली, गाड्या काढल्या. अकरा जणींना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं? बस्स. त्या एका प्रश्नानं निकाल लागला.

कृतिका बचावली, बाळही. पण निरोप येईपर्यंत हॉलच्या अंगणात अक्का सुभद्रासमोर उभ्या राहिल्या होत्या. "सुभद्रे, पातेल्याला कल्हई केव्हा केली होतीस? पितळ उतरलं असेल दुधात! तांबटाच्या घरची बाई तू, तुला हे कळू नये?"

सुभद्रानं दीडशे बायकांसमोर हात जोडले. "चुकलं असेल माझं, अक्का," एवढंच म्हणाली. कोणीतरी उरलेलं दूध मोरीत ओतून दिलं.

भगवंत तेव्हा दारातच होता. आणि त्याला सगळं कळून चुकलं होतं. अक्कांना मधुमेह, त्यांनी दुधाचा थेंब घेतला नव्हता, तरी त्यांचं डोकं फुटत होतं. दाराजवळ बसलेल्या दोघी दोन-दोन पेले पिऊनही टुणटुणीत होत्या. ज्या पडल्या त्या सगळ्या हवेच्या जाळ्यांखाली बसलेल्या. तो छतावर धावला. कोपऱ्यात गरम, दमट हवा नुसती घुमत होती, आणि डबा ती मन लावून आत ओढत होता. वर पुन्हा बर्नरही त्याच धुरावर गुदमरून अर्धवट जळत होता. असा जळला की त्यातून जो वायू निघतो त्याला ना वास, ना रंग. माणूस झोप लागल्यासारखा जातो.

भगवंतनं गॅसचा व्हॉल्व्ह बंद केला. खाली येऊन त्यानं काकासाहेबांना फोन लावला आणि म्हणाला, "जी, डब्याचा एक पार्ट गेलाय. मुंबईहून येईल, पंधरा दिवस लागतील."

शुक्रवारी याच हॉलमध्ये काकासाहेबांच्या नातवाचं, यशराजचं, लग्न होतं. बदनावर, इंदूर, कुठून कुठून चारशे माणसं यायची होती. तर ते लग्न या खोट्यानं निर्धोक झालं, हे कबूल. डबा बंद, धोका संपला. पण सुभद्राचं काय? तिच्यावरचं किटाळ कोण धुणार? आठ दिवसांत लोक विसरतील, भगवंतनं स्वतःला समजावलं. आता तोंड उघडलं तर पहिला प्रश्न येणार, तुला माहीत होतं तर बसवलास कशाला? अकरा बायका, एक पोटुशी पोर. भित्रेपणाला कारणं काय, हवी तेवढी सापडतात.

सोमवारी धारहून सुभद्राच्या भावाचा फोन आला. "ताई, इकडे पण लोक बोलून राहिले, काय झालं काय?" दुपारी काकासाहेबांकडून निरोप आला की शुक्रवारी सुभद्रानं स्वयंपाकघरात येण्याची तसदी घेऊ नये. निरोप अगदी सौजन्याचा होता. सुभद्रानं पातेलं उन्हात आणलं आणि भगवंतपुढे ठेवलं.

"बघा ना, कुठं गेलीय कल्हई."

भगवंतनं पाहिलं. कल्हई आरशासारखी लखलखत होती. दिवाळीत त्यानंच केलेली. "ठीक आहे ही," तो म्हणाला.

"नीट बघा हो. काठाला असेल, बुडाला असेल. कुठंतरी गेलेली असणारच, नाहीतर असं कसं होईल?" तिनं बोट घालून सगळं पातेलं चाचपलं, दोनदा, तीनदा. भगवंत उठून आत गेला.

मंगळवारी ती म्हणाली, मला कृतिकाकडे न्या. त्यानं स्कूटरवर नेलं. कृतिका उशीला टेकून बसली होती. पंचावन्न वर्षांची सुभद्रा त्या पंचविशीच्या पोरीच्या पायांवर वाकली. "अहो काकू, नका, नका ना!" म्हणत कृतिकाला रडू फुटलं. सुभद्रा उठेना. भगवंत दारात चप्पल काढायच्या बेतात होता, तसाच उभा राहिला. लाज वाटली त्याला, अशी की धरणीनं पोटात घ्यावं.

बुधवारी तो जुन्या कारखान्यात गेला आणि धीरजकडून, त्याच्याच हाताखाली शिकलेल्या सुपरवायझरकडून, तो विषारी वायू मोजायचं मीटर मागून आणलं. रिकाम्या हॉलची दारं लावली, व्हॉल्व्ह उघडला, डबा चालू केला, मीटर खुर्चीवर ठेवलं, तेव्हा आकडा शून्य. बाहेर उत्तरेचा वारा होताच. दहा मिनिटांत आकडा वीस. मग पंचेचाळीस. अर्ध्या तासात मीटर किंचाळायला लागलं आणि आकडा एकशे चाळीसवर गेला. भगवंतनं फोनमध्ये फोटो काढला, सगळं बंद केलं, दारं उघडली आणि पायरीवर बसून ढसाढसा रडला.

गुरुवारी सकाळी काकासाहेबांकडे लग्नाची शेवटची बैठक होती. अक्काही होत्या. भगवंत आत गेला आणि बसला नाही.

"काकासाहेब, दूध चांगलं होतं. बायका डब्याच्या धुरानं पडल्या. हे बघा." त्यानं फोन पुढे केला आणि सगळं सांगितलं, पार्ट गेल्याचं खोटं होतं तेही सांगितलं.

काकासाहेबांचा चेहरा उतरला. "तुला माहीत होतं, तर तेव्हा का नाही बोललास?"

"बोललो होतो. छतावर, एकदाच. तुम्ही हसलात, मग मी पण हसलो."

काकासाहेब आवाज उतरवून म्हणाले, "बरं. डबा बंद आहे ना? मग आता लग्नघरात हा विषय नको. रणवीरला काय वाटेल, पंडितजींचं नाव येईल. लग्न उरकू दे, मग हलवू पश्चिमेला. तोवर तू गप राहा."

"नाही," भगवंत म्हणाला. आपण हे म्हणालो, यावर त्याचाच विश्वास बसेना. "नाही, काकासाहेब. माझ्या बायकोनं दीडशे जणींसमोर हात जोडलेत. अक्का, तुम्हीच सांगा, तुम्ही घेतलं होतं दूध?"

"मला कुठलं चालतंय दूध-बासुंदी," अक्का पटकन म्हणाल्या, आणि मग त्यांचं त्यांनाच उमगलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! माझं डोकं तर दोन दिवस धरलं होतं रे!" त्या तिथल्या तिथं उठल्या. "गाडी काढा. मला सुभद्राकडे जायचंय. आणि जिच्या-जिच्यासमोर मी तिला बोलले, तिला-तिला मीच फोन करीन. कोणी मला गप बसवायला येऊ नका."

"अक्का, अर्धा तास द्या," भगवंत म्हणाला. "आधी मी सांगतो तिला. ते तरी माझ्या तोंडून जाऊ द्या."

घरी सुभद्रा ओसरीवर तूर निवडत बसली होती. तो तिच्यासमोर खाली बसला आणि एका दमात सांगून मोकळा झाला. आग्नेय, चिंध्या, धूर, मीटर, अक्का. तिच्या चेहऱ्यावर आधी काही कळेना असं झालं, मग एकदम ऊन पडल्यासारखं झालं. "म्हणजे माझ्या दुधानं नाही? माझ्या हातानं नाही?"

"नाही. तुझा काही दोष नाही."

तिनं डोळे मिटले, ओंजळ कपाळाला लावली. भगवंतला वाटलं, संपलं, सुटलो.

मग तिनं डोळे उघडले. "तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलायला जागा होती. काल, म्हणता आलं असतं. मीटर तर कालचंच होतं. "रविवारीच," तो म्हणाला. "अंगणात."

"मी हात जोडले तेव्हा?"

"हो."

"पातेलं दाखवलं तेव्हा? कृतिकाच्या पाया पडले तेव्हा?"

त्यानं होकाराची मान हलवली. सुभद्रानं सुपातली तूर हातानं सारखी केली, आणि मग अगदी हळू बोलायला लागली.

"चार दिवस या घरात कोणी पाण्याचा पेला घेतला नाही माझ्या हातचा. शेजारीण आली, चहा नको म्हणाली. मी स्वतः माझ्या हातचं खायला घाबरत होते. भाकरी थापताना वाटायचं, यात काही गेलं तर नाही ना. आणि तुम्ही समोर बसून जेवायचात. मागून घ्यायचात. मला वाटायचं, जगाचं जाऊ दे, माझ्या माणसाचा माझ्या हातावर भरवसा आहे. त्यावर मी हे चार दिवस काढले." ती थांबली. "तुम्ही तर माहीत होतं म्हणून जेवत होतात."

बाहेर अक्कांची गाडी येऊन थांबली. सुभद्रानं डोक्यावरून पदर घेतला, सूप बाजूला ठेवलं आणि त्याच्याकडे न बघता ती दार उघडायला गेली.